एक व्यक्ती, अनेक उपचार : नव्या काळजी-समन्वयकासाठी मार्गदर्शक

एका व्यक्तीला द्विध्रुवी मनोविकार (बायपोलर, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी नैराश्य) आहे आणि मनोविकारतज्ज्ञांनी मनःस्थिती स्थिर राहावी म्हणून दिलेल्या लिथियमच्या गोळ्या ती अनेक वर्षांपासून घेते, अशी कल्पना करा. रक्तदाब वाढला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी तिला लघवी वाढवणारे, थायझाइड गटातले औषध सुरू केले. पुढे गुडघा दुखू लागला, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी आयबुप्रोफेन हे वेदनाशामक लिहून दिले. तिघांचेही निदान बरोबर आहे आणि प्रत्येकाचे औषध त्या त्या आजारासाठी योग्य आहे. मात्र थायझाइड आणि आयबुप्रोफेन या दोहोंमुळे मूत्रपिंडावाटे लिथियम बाहेर पडण्याचे प्रमाण घटते, आणि रक्तातील त्याची पातळी विषबाधा होण्याइतकी वाढू शकते. मग हात जोरात थरथरू लागतात, उलट्या आणि जुलाब होतात, जीभ जड होते, चाल अडखळते. या व्यक्तीला पूर्वी दारूचे व्यसन असेल, तर तपासणाऱ्याला ती प्यालेली वाटते आणि विषबाधेची रक्ततपासणी राहूनच जाते.

तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून वाचणारे कोणीतरी हवे होते, एवढीच यातली उणीव आहे. ते वाचण्याचे काम ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुमच्या पदाला केस मॅनेजर म्हणत असतील, काळजी-समन्वयक म्हणत असतील किंवा तुम्ही परिचारिका अथवा समाजकार्यकर्ते असून हे काम तुमच्याकडे जादा सोपवलेले असेल. मनोविकार, व्यसन, दीर्घकालीन शारीरिक आजार आणि घर, पैसा किंवा कायद्याच्या अडचणी यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात आणि एकमेकींना बिघडवत जातात, तेव्हा त्या गरजांना गुंतागुंतीच्या गरजा म्हणतात.

समन्वयाने प्रत्यक्षात फरक पडतो का, असा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, म्हणून एक दाखला हाताशी ठेवा. अमेरिकेत ‘इम्पॅक्ट’ नावाच्या अभ्यासात नैराश्य असलेल्या, साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या १,८०१ व्यक्तींचा १८ दवाखान्यांतून पाठपुरावा करण्यात आला आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी १९ टक्के लोकांची लक्षणे वर्षभरात निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. जिथे फॅमिली डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ आणि नियमित पाठपुरावा करणारा काळजी-व्यवस्थापक एकत्र काम करत होते, तिथे हेच प्रमाण ४५ टक्के होते.

पहिली पायरी : आधी त्या व्यक्तीला भेटा, मग फाइल वाचा

फाइल वाचून गेलात तर तुम्ही निदानाला भेटता. माझा आग्रह आहे की पहिली भेट शक्यतो त्या व्यक्तीला सोयीच्या जागी आणि कोणताही लांबलचक फॉर्म समोर न ठेवता व्हावी. सध्या सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, कोणत्या गोष्टीत थोडी जरी सुधारणा झाली तरी दिवस बरा जाईल, आजवरच्या उपचारांत कशाचा उपयोग झाला आणि कशाने विश्वास उडाला, हे तिच्याकडूनच ऐका. उत्तरे बहुतेक वेळा लक्षणांच्या भाषेत येत नाहीत. ‘रात्री झोप लागावी’, ‘मुलीशी पुन्हा बोलणे सुरू व्हावे’, ‘सकाळच्या पाळीचे काम टिकावे’ अशी ती असतात. ती तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, कारण पुढची सगळी योजना त्यांच्याशी जोडायची आहे.

ज्या व्यक्तीला सकाळच्या पाळीचे काम टिकवायचे आहे, तिला सकाळच्या गोळीने गुंगी येत असेल, तर ती गोळी बंद करील आणि केस पेपरवर ‘औषधे नियमित घेत नाही’ असा शेरा पडेल. तुम्हाला तिचे उद्दिष्ट ठाऊक असेल, तर हाच प्रश्न तुम्ही मनोविकारतज्ज्ञांपुढे वेगळ्या रीतीने मांडू शकता : हा डोस रात्री देता येईल का, किंवा कमी गुंगी आणणारा पर्याय आहे का? निर्णय तज्ज्ञांचाच असतो, परंतु त्यांच्यापर्यंत नेमका प्रश्न पोचवणे हे तुमचे काम आहे.

दुसरी पायरी : संमती नेमकी घ्या

‘माहिती इतरांना देण्यास माझी हरकत नाही’ अशा एका सर्वसाधारण ओळीखाली सही घेऊन थांबू नका. कोणाला, कोणती माहिती आणि केव्हापर्यंत, या तीन गोष्टी प्रत्येक नावापुढे वेगवेगळ्या लिहा. बहिणीला औषधांच्या वेळा कळलेल्या चालतील, पण व्यसनाबद्दल काही कळू नये, असे व्यक्तीला वाटू शकते आणि तो तिचा अधिकार आहे. संमती केव्हाही मागे घेता येते, हे तिला स्पष्ट सांगा. तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तेव्हा गोपनीयतेला कोणते अपवाद आहेत, हेही पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. अपवादांचे नेमके नियम तुमच्या भागातल्या कायद्यानुसार ठरतात, म्हणून वरिष्ठांकडून ते लेखी मागून घ्या. नातेवाइकांना माहिती देण्यास परवानगी नसली, तरी त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास कसलाही अडसर नसतो, ही गोष्ट नवे लोक हमखास विसरतात.

तिसरी पायरी : औषधांची एकच यादी तयार करा

माझ्या मते या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. त्या व्यक्तीला सांगा की घरात असतील तेवढ्या गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, मलमे, थेंब आणि काढे एका पिशवीत घालून आणा. चिठ्ठीवर काय लिहिले आहे यापेक्षा ती प्रत्यक्षात काय घेते, हे तुम्हाला हवे आहे. प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, वेळ, ते कोणी आणि कशासाठी लिहून दिले आणि ती ते खरोखर कसे घेते, हे एका कागदावर उतरवा. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या आणि वनौषधी वेगळ्या विचारल्याशिवाय सांगितल्या जात नाहीत. दारू, तंबाखू आणि इतर नशा यांचीही नोंद याच कागदावर असू द्या, कारण शरीरासाठी तीही रसायनेच आहेत.

तंबाखूचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही मनोविकारावरची औषधे यकृतातल्या ज्या विकराने (एन्झाइमने) विघटित होतात, त्याचे काम धूम्रपानाच्या धुराने वाढते. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तीला मात्रा जास्त लागते. ही व्यक्ती धूम्रपानबंदी असलेल्या वॉर्डात भरती झाली की काही दिवसांत त्याच मात्रेने रक्तातली पातळी चढते, आणि घरी परतून पुन्हा सिगारेट सुरू केली की उतरते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम घेऊन तो टळत नाही. सिगारेट सुटली ही आनंदाची बातमी समुपदेशकाला सर्वांत आधी कळते, तर मात्रा बदलण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञांचा असतो. ती बातमी त्याच दिवशी तिकडे पोचवणे तुमच्या हातात आहे.

यादी तयार झाली की तिची प्रत औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला द्या, आणि त्यांपैकी एकाला ती संपूर्ण तपासण्याची स्पष्ट विनंती करा. ‘सर्वांना पाठवली’ म्हणजे बहुधा ‘कोणीच तपासली नाही’ असे होते. तुम्ही स्वतः कोणतेही औषध बंद करायला किंवा कमी करायला सांगू नका. शंका असेल तर त्याच दिवशी फोन करा. लिथियम घेणाऱ्यांच्या बाबतीत शेवटची रक्ततपासणी कधी झाली हे यादीवर लिहा. दीर्घकालीन उपचारात पातळी साधारणपणे दर लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल राखली जाते, रक्त शेवटच्या मात्रेनंतर सुमारे १२ तासांनी घ्यावे लागते, आणि जोडीला मूत्रपिंड व थायरॉइड यांच्या कार्याची ठरावीक काळाने तपासणी होते. ही तपासणी कोण सांगणार आणि अहवाल कोण पाहणार, हे विचारून नाव लिहून घ्या.

चौथी पायरी : शारीरिक तक्रार मनावर ढकलू देऊ नका

गंभीर मनोविकार असलेल्या लोकांचे आयुर्मान इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यामागे हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे. छातीत दुखते म्हटले की चिंता असेल, पोट दुखते म्हटले की मनाचे असेल, असे म्हणून निदानाच्या सावलीत तक्रार झाकली जाते. तुम्ही भेटीला सोबत जाणार असाल, तर तक्रार कधी सुरू झाली, किती वेळ राहते आणि कशाने वाढते, हे आदल्या दिवशी त्या व्यक्तीसह कागदावर उतरवा. तारखा आणि वेळा असलेली तक्रार सहजासहजी बाजूला सारली जात नाही.

याची दुसरी बाजूही आहे. थायरॉइडची कमतरता हुबेहूब नैराश्यासारखी दिसू शकते, आणि वृद्ध व्यक्तीला अचानक आलेला गोंधळ व भास यांमागे साधा मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. वागणे काही तासांत किंवा दिवसांत बदलले असेल, तर आधी शरीराची तपासणी व्हावी असा आग्रह धरा. मनोविकारावरची काही औषधे वजन, साखर आणि मेद वाढवतात, त्यामुळे अशी औषधे सुरू करताना, साधारण १२ आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी या तपासण्या केल्या जातात. मनोविकारतज्ज्ञांना वाटते फॅमिली डॉक्टर त्या करतात, आणि फॅमिली डॉक्टरांना वाटते मनोविकारतज्ज्ञ करतात.

पाचवी पायरी : एका पानाची योजना आणि चार रकान्यांची वही

योजना एका पानापेक्षा मोठी झाली की ती कोणी वाचत नाही. पानाच्या वरच्या भागात व्यक्तीने तिच्या शब्दांत सांगितलेली दोन किंवा तीन उद्दिष्टे, खाली प्रत्येक उपचारकर्त्याचे नाव आणि त्याच्याकडे असलेले काम, आणि तळाशी संकटाच्या वेळी काय करायचे हे लिहा. तिची प्रत सर्वप्रथम त्या व्यक्तीकडे असली पाहिजे.

वही मात्र तुमची स्वतःची असते. तिच्यात प्रत्येक कामाला एक ओळ आणि चार रकाने ठेवा : काय करायचे, कोण करणार, कधीपर्यंत, आणि झाल्याचे कसे कळले. पहिले तीन रकाने सगळेच भरतात. सुरुवातीच्या काळात मीही तिथेच थांबत असे. रुग्णालयातून घरी जाणाऱ्या एका व्यक्तीचे पत्र मी दुसऱ्या दवाखान्याला पाठवले आणि काम झाले असे समजले. तिथले लोक तिच्या फोनची वाट पाहत राहिले, ती त्यांच्या फोनची वाट पाहत राहिली, आणि यात तीन आठवडे गेले. तोवर तिची औषधे संपून दहा दिवस झाले होते. तेव्हापासून चौथा रकाना भरल्याशिवाय मी एकही ओळ बंद केली नाही. पत्र पाठवले, ही नोंद त्या रकान्यात चालत नाही. ‘अमुक तारखेला ती डॉक्टरांना भेटली, असे तिने आणि दवाखान्याने सांगितले’, ही चालते.

सुधारणा मोजण्यासाठी साधी, सर्वत्र वापरली जाणारी प्रश्नावली निवडा. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न असून गुण ० ते २७ पर्यंत असतात, आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर तज्ज्ञांनी नीट तपासावे असे मानले जाते. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण आठ-दहा आठवड्यांत गुण हलले नाहीत तर उपचार बदलण्याची चर्चा सुरू करण्याचे सबळ कारण ती देते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर ‘अजिबात नाही’ याखेरीज काहीही असेल, तर ती व्यक्ती जाण्यापूर्वी बोलणे झालेच पाहिजे.

सहावी पायरी : संकट येण्यापूर्वी संकटाची योजना

आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, आणि शांतपणे विचारलेल्या प्रश्नाने अनेकांना हायसे वाटते. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेली सुरक्षा-योजना आज अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात व्यक्तीने स्वतः सहा गोष्टी लिहायच्या असतात : धोक्याची चाहूल देणाऱ्या खुणा, एकट्याने करता येण्याजोगे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसे आणि ठिकाणे, मदत मागता येईल अशी जवळची माणसे, संपर्क करण्याजोगे तज्ज्ञ व तातडीच्या सेवा, आणि भोवतालचा परिसर सुरक्षित करणे. शेवटची गोष्ट संकोचामुळे राहून जाते, तरी तिलाच फार महत्त्व आहे. घरातला औषधांचा साठा, कीटकनाशके किंवा शस्त्र दूर ठेवण्याविषयी त्या व्यक्तीशी, आणि तिची संमती असेल तर घरच्यांशी, स्पष्ट बोला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, आपत्कालीन विभागातून घरी जाणाऱ्यांना ही योजना आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळाले, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. तो कागद आणि तो फोन, दोन्ही तुमच्या आवाक्यातले आहेत.

प्रत्यक्ष धोका दिसत असेल, तर तिला एकटे सोडू नका आणि तुमच्या भागातल्या तातडीच्या सेवेला लगेच बोलवा.

सातवी पायरी : व्यसन आणि मनोविकार यांचे उपचार एकाच वेळी

‘आधी दारू सोडा, मग नैराश्याचे बघू’ आणि ‘आधी मन स्थिर करा, मग व्यसनमुक्तीला या’, अशी दोन वाक्ये एकाच व्यक्तीला दोन दारांवर ऐकावी लागतात. दोन्ही आजारांवर एकाच वेळी, एकमेकांशी बोलणाऱ्या चमूने उपचार करावेत, हीच आज शिफारस आहे. त्यासाठी दोन्ही ठिकाणच्या उपचारकर्त्यांना एका संभाषणात आणा, मग ते पंधरा मिनिटांचे का असेना.

दोन धोके मात्र पाठच असू द्या. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली, तर काही तासांतच कंप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण ४८ ते ९६ तासांत भ्रम व तीव्र गोंधळ होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून अशा व्यक्तीच्या निश्चयाचे मनापासून स्वागत करा आणि त्याच श्वासात वैद्यकीय देखरेखीची सोय करा. दुसरा धोका हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांचा आहे. रुग्णालयात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा तुरुंगात काही आठवडे काढल्यावर शरीराची सहनशक्ती घटते, आणि बाहेर आल्यावर पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. बाहेर पडण्याच्या दिवशीच ही माहिती, चालू ठेवायचे औषध आणि मिळत असेल तिथे नॅलोक्सोन (अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवणारे तातडीचे औषध) त्या व्यक्तीच्या हातात असावे.

आठवी पायरी : रुग्णालयातून घरी

मानसोपचार रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे असतात. म्हणून डिस्चार्ज होण्यापूर्वीच पुढच्या भेटीची तारीख ठरवा आणि ती सात दिवसांच्या आतली असू द्या. शक्य असेल तर नवे डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्याशी ती व्यक्ती वॉर्डात असतानाच तिची ओळख करून द्या, निदान फोनवर तरी. पुढच्या भेटीपर्यंत पुरतील इतकी औषधे सोबत आहेत का, भरतीत कोणती औषधे बदलली आणि का, हे डिस्चार्ज कार्डावर वाचा आणि तिसऱ्या पायरीतली यादी त्याच दिवशी सुधारा. जुन्या पट्ट्या घरी तशाच पडलेल्या असतात आणि पुष्कळदा जुनी व नवी दोन्ही औषधे सुरू राहतात. दोन-तीन दिवसांत फोन करा, आणि समजावलेले कळले का असे न विचारता, उद्या सकाळी कोणत्या गोळ्या घेणार ते तिलाच सांगायला लावा.

घर, उत्पन्न, येण्याजाण्याचा खर्च आणि मुलांची देखभाल यांचे प्रश्न समाजकार्यकर्त्यांकडे लवकरात लवकर न्या. राहायला जागा नसलेल्या व्यक्तीकडून दिवसातून तीनदा वेळेवर गोळी घेण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि दिवसातून एकदा घेता येईल असा पर्याय आहे का, हा प्रश्न अशा वेळी विचारलाच पाहिजे.

नववी पायरी : मतभेद आणि निरोप

उपचारकर्त्यांमध्ये मतभेद होणारच. दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत बसलात, तर दोघांचेही म्हणणे वाटेत बदलते. मतभेद एका वाक्यात लिहून दोघांना एकाच वेळी पाठवा, थेट बोलण्याची वेळ ठरवून द्या, आणि निर्णय झाल्यावर तो त्या व्यक्तीला एकाच्याच तोंडून कळेल असे पाहा. बैठकीत तिच्याविषयी बोलणे होत असेल, तर तिला तिथे येण्याचे निमंत्रण असावे, आणि ती येऊ शकत नसेल तर तिच्या शब्दांतली उद्दिष्टे सुरुवातीलाच मोठ्याने वाचली जावीत.

केव्हातरी तुमची बदली होईल, किंवा ती व्यक्ती दुसरीकडे राहायला जाईल. महिनाभर आधी तिला सांगा, कारण अशा अनेकांना पूर्वी कोणी तरी न सांगता सोडून गेलेले असते. नव्या समन्वयकाची तिच्याशी समोरासमोर ओळख करून द्या, वहीतल्या न मिटलेल्या ओळी तिघांनी मिळून वाचा, आणि त्या दोघांची पहिली स्वतंत्र भेट झाल्याचे दोघांकडूनही कळेपर्यंत तुमच्या वहीतली शेवटची ओळ उघडीच ठेवा.